वृद्धाश्रम चालवणारी माणसे

वृद्धाश्रम काढावा, असा विचार आज अनेक सामाजिक संस्थांच्या बैठकीत निघतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही राज्य शासनाने प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला आश्रम उभारावा, अशी तरतूद आहे. चर्चा सुरू झाली की आपण जागा, बांधकाम आणि देणगी यांचा हिशोब मांडतो. मात्र तिथे रात्री दोन वाजता कोण जागे असणार, हा प्रश्न मागेच राहतो. मी बँकेत कारकून आहे. म्हणून हा प्रश्न आकड्यांत मांडून पाहतो.

समजा, आश्रमात २५ वृद्ध आहेत आणि त्यांपैकी पाच-सहा जण अंथरुणाला खिळलेले आहेत. सकाळी अंघोळ, कपडे, नाश्ता, औषधे अशी घाई असते; तेव्हा किमान तीन मावशी-मामा हवेत. दुपारी दोन आणि रात्री दोन. रात्री एकावर भागत नाही, कारण पडलेल्या वृद्धाला नीट उचलायला दोघे लागतात. म्हणजे दिवसाला ७ आणि आठवड्याला ४९ पाळ्या झाल्या. एक माणूस आठवड्यात ६ पाळ्या करतो. तेव्हा ९ माणसे हवीतच. आजारपण आणि रजा धरल्या तर १० ते ११. स्वयंपाकी, सफाई कामगार व परिचारिका यात धरलेल्या नाहीत.

एवढी माणसे परवडत नाहीत, म्हणून पुष्कळ ठिकाणी पाच-सहा जणांकडून बारा-बारा तासांची ड्युटी करून घेतली जाते. वर ‘ही सेवा आहे’ असे सांगितले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती मांडली आणि आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्यांचे नाव घेणाऱ्या संस्थांनी तरी सेवेच्या नावाखाली कोणाला ७२ तास राबवू नये.

याची किंमत शेवटी वृद्धच मोजतात. खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. न बदलल्यास पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात. थकलेल्या मावशीचा डोळा लागतो, ओली चादर तशीच राहते, तोंडून कठोर शब्द जातो. वृद्धाचा अपमान कधीच क्षम्य नाही. पण दोष देण्यापूर्वी त्या आठवड्याचा ड्युटीचा तक्ता पाहावा. बहुधा निम्मे उत्तर तिथेच सापडते.

तो तक्ता करणारा म्हणजे व्यवस्थापक. त्याला देणगीदार, नातेवाईक, कार्यकारिणी आणि कर्मचारी अशा चौघांना तोंड द्यावे लागते. अनेकदा जबाबदारी त्याची आणि सही मात्र अध्यक्षांची असते. पन्नास रुपयांचे औषध आणायलाही परवानगी लागत असेल, तर चांगला माणूस टिकत नाही. बँकेतल्या दोन सवयी इथे उपयोगी पडतील. एक, पाळी बदलताना लेखी नोंद आणि दोघांच्या सह्या : कोण जेवले नाही, कोणाला ताप आहे, कोणते औषध राहिले. दुसरी, ‘रजा राखीव’ माणूस आधीच नेमून ठेवणे. व्यवस्थापकाने आठवड्यातून एकदा न कळवता रात्री फेरी मारावी. चूक पकडण्याबरोबरच मावशीने चहा घेतला का, हेही पाहावे.

माणसे सोडून जातात याचे कारण केवळ पगार नाही. कामाचे शिक्षण दिले जात नाही, मान मिळत नाही, पुढे बढती नसते. विस्मरणाचा आजार असलेल्या आजींना दर महिन्याला नवा चेहरा दिसला की त्या घाबरतात, अंघोळीला नाही म्हणतात. जुनी मावशी टिकवणे हाही त्यांच्या उपचाराचाच भाग आहे.

विद्यार्थ्यांनी रुग्णसेवा सहायकाच्या अभ्यासक्रमाकडे कमीपणाचे काम म्हणून पाहू नये. आणि सभासदांनी पुढच्या वेळी देणगी देताना एक खोली बांधण्याऐवजी एका मावशीचा वर्षाचा पगार द्यावा. भिंतीवर नाव कोरले जाणार नाही, पण रात्री हाक मारणाऱ्या वृद्धाला ओ देणारे कोणी तरी जागे असेल.