अक्षरओळख – भाग ५ : ‘घ’ की ‘ध’?

‘घर’ऐवजी ‘धर’, ‘भात’ऐवजी ‘मात’, ‘बाण’ऐवजी ‘वाण’ असे शब्द पहिली-दुसरीच्या वह्यांत हमखास सापडतात. त्यामागे बहुधा निष्काळजीपणा नसतो. शाळेत येईपर्यंत मुलाची नजर वस्तू एकूण आकारावरून ओळखायला सरावलेली असते. कान तुटलेला कप त्याच्या लेखी कपच असतो. अक्षर मात्र एवढ्याशा फरकाने बदलते. तो फरक नेमका कुठे आहे, हे मुलाला दाखवावे लागते.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला शिरोरेषेचा : घ–ध, म–भ, य–थ. ध, भ आणि थ यांची सुरुवात गाठीने होते आणि तिथे वरची रेघ तुटते. घ, म आणि य यांच्यावर ती अखंड असते. अनेक मुले शब्द लिहून झाल्यावर एका दमात सगळ्यावर रेघ ओढतात, आणि ‘ध’चा ‘घ’ होतो. दुसरा गट पोटातल्या तिरप्या रेघेचा : व–ब, प–ष. तिसरा वाटोळ्या अक्षरांचा : ट उघडा, ठ बंद, तर ढच्या पोटात गाठ. अंकांमध्ये ३ आणि ६ यांची तोंडे उलट दिशांना असल्याने त्यांची अदलाबदल होते.

उपाय करण्याआधी चूक कुठे होते ते पाहावे. फळ्यावरचे उतरवतानाही चुकत असेल, तर आकारातला फरक नजरेला टिपता आलेला नाही. उतरवणे बरोबर, पण श्रुतलेखन चुकते, तर ध्वनी आणि अक्षर यांची सांगड पक्की झालेली नाही.

जोडीतली दोन्ही अक्षरे एकाच आठवड्यात शिकवू नयेत. आधी ‘घ’ पक्का करावा, काही आठवड्यांनी ‘ध’ घ्यावा. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत मुले खरकागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत उच्चार करतात. घरी तांदूळ पसरलेल्या ताटातही हे जमते. दोन्ही अक्षरे ओळखीची झाली, की ती चित्रांसह शेजारी ठेवावीत : घार–धार, वाण–बाण. फरकाची जागा मुलानेच शोधून लाल खडूने रंगवावी. चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावल्याने हात दुखतो, फरक कळत नाही. त्यापेक्षा ‘यात धची गाठ कुठे आहे?’ असे विचारावे.

बहुतेक मुलांचा हा गोंधळ सरावाने ओसरतो. आठव्या वर्षानंतरही तो कायम असेल आणि वाचनही अडखळत असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अशा अडचणीमागे असू शकणाऱ्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात असून अशा मुलांना शिक्षणात साहाय्य मिळण्याचा अधिकार आहे. तोवर वर्गात आणि घरी रागावणे टाळावे. धास्तावलेले मूल लिहिणेच टाळू लागते.

(पुढील भागात : जोडाक्षरे)