शॉर्टवेव्ह ऐकायला बसताना

संध्याकाळी सातच्या सुमारास मी रेडिओ घेऊन इमारतीच्या गच्चीवर जातो. शहरातल्या घरात बसून शॉर्टवेव्ह ऐकणं आता कठीण झालं आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर सगळ्या बँडवर पसरते आणि दूरचं क्षीण स्टेशन तिच्याखाली दबून जातं. वीज गेली की एरवी न सापडणारी स्टेशनं घरातही ऐकू येतात.

म्हणून हा छंद सुरू करणाऱ्याला मी आधी शांत जागा शोधायला सांगतो. महागड्या रेडिओची घाई नसते. घरातला जुना ट्रान्झिस्टर सुरुवातीला चालतो. नवा घेणार असाल तर फ्रिक्वेन्सी आकड्यांत दाखवणारा घ्या, म्हणजे काल सापडलेलं स्टेशन आज पुन्हा गाठता येतं. एरियलला पाच-सहा मीटर साधी वायर जोडून ती उंचावर ताणली की फरक लगेच कळतो. विजा चमकत असताना मात्र ती काढून ठेवायची. नुसतं ऐकायला आता परवाना लागत नाही. त्यासाठी पोस्टात पैसे भरायचा काळ केव्हाच मागे पडला.

जागेइतकीच वेळ महत्त्वाची. शॉर्टवेव्ह म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्झचा पट्टा. या लहरी वातावरणाच्या वरच्या भागातल्या आयनांबरातून वळून पुन्हा जमिनीकडे येतात, म्हणूनच हजारो किलोमीटरचा पल्ला गाठतात. दिवसा आयनांबराचा खालचा थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे दुपारी 15 ते 18 मेगाहर्ट्झच्या आसपास शोधावं. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि 6 ते 10 मेगाहर्ट्झचा भाग गजबजतो.

मी सुरुवात 10 मेगाहर्ट्झवर करतो. चीनच्या बीपीएम या प्रमाणवेळ केंद्राची दर सेकंदाची टिकटिक तिथे स्वच्छ आली, तर त्या दिशेची वाट उघडी आहे असं समजतो. मग 31 मीटर बँड, म्हणजे 9400 ते 9900 किलोहर्ट्झ. पाच-पाच किलोहर्ट्झने पुढे सरकायचं. एखादा आवाज वर येतो, भरतो आणि पुन्हा विरतो, कारण वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी मारून टाकतात. अशा वेळी बोट बटणावरून काढून घ्यावं. भाषा कळत नसली तरी थांबावं. तास भरण्याच्या आगेमागे बहुतेक स्टेशनं आपलं नाव सांगतात, काहींची तर खास खूण असते. न्यूझीलंडच्या पॅसिफिक सेवेवर बेलबर्ड पक्ष्याची शीळ ऐकू आली की नाव सांगायची गरज उरत नाही.

सापडलेलं स्टेशन लगेच वहीत जातं: तारीख, फ्रिक्वेन्सी, भाषा, कार्यक्रमात काय ऐकलं, आणि यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. संध्याकाळचे साडेसात म्हणजे 14:00. शेजारी सिनपोचे पाच आकडे. सिग्नलची ताकद, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, लहरींचा चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 5 म्हणजे उत्तम. ही नोंद स्टेशनला रिपोर्ट म्हणून पाठवली आणि ती त्यांच्या प्रसारणाशी जुळली, तर बरीच स्टेशनं पोच म्हणून क्यूएसएल कार्ड पाठवतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बहुतेक वेळापत्रकं बदलतात, तेव्हा वहीही नव्याने मांडावी लागते.

स्टेशनं कमी होत चालली आहेत. बीबीसीची हिंदी सेवा जानेवारी 2020 मध्ये शॉर्टवेव्हवरून गेली. पण जी उरली आहेत त्यांना आपला आवाज कुठवर आणि कसा पोचतो, हे अशा श्रोत्याच्या पत्रातून कळतं. म्हणून रेडिओ लावाल त्याच दिवशी वहीही उघडा आणि पहिला रिपोर्ट पाठवायला पट्टीचा श्रोता होण्याची वाट पाहू नका.