हिरवं ते सगळं रान नव्हे

कोथरूडकरांना टेकडीचं कौतुक नव्यानं सांगायला नको. सकाळी एआरएआयच्या बाजूनं वेताळ टेकडीवर चढायचं, चार ओळखीची माणसं भेटायची आणि घाम पुसत खाली यायचं, हा इथल्या कितीतरी घरांचा नेम आहे. माझाही आहे. पण या टेकडीशी माझं आणखी एक नातं आहे. शाळेत असताना, १९८४ साली, आम्ही मुलं श्रमदानाला जात असू. उघडी टेकडी हिरवी करायची म्हणून गिरिपुष्पाच्या फांद्या रोवायच्या आणि डब्यांतून पाणी वाहून न्यायचं. हा पराक्रम मी घरी शंभरदा तरी सांगितला असेल.

गेल्या जुलैत मुलगी म्हणाली, “बाबा, तू लावलेली झाडं दाखव ना!” मी ऐटीत तिला गर्द राईत घेऊन गेलो. तिनं खाली बघून विचारलं, “इथं गवत का नाही?”

खरंच, झाडांखाली नुसता पालापाचोळा होता. दोन मिनिटं पुढं गेलो तर उघड्यावर कुसळी वाढलेली, तेरडा फुललेला, मुसळीची पांढरी फुलं. गवतातून एक चंडोल भुर्रकन उडाला.

गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिका आणि मेक्सिकोतलं. कोकोच्या मळ्यांत सावलीसाठी ते लावतात. तिकडं त्याच्या बिया आणि साल उंदीर मारायला वापरत. आपल्याकडचं ‘उंदीरमारी’ हे नाव त्यावरूनच. फांदी रोवली की जगतं, खडकाळ जमीन चालते, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. लागवड करणाऱ्याला आणखी काय हवं?

पण हेच गुण टेकडीच्या मुळावर आले. आपल्या टेकड्या म्हणजे गवत आणि मधून मधून सालई, धावडा, खैर यांसारखी पानझडी झाडं. पावसाळ्यात गवताला ऊन लागतं आणि नेमकी तेव्हाच गिरिपुष्पाची सावली दाट असते. गवत गेलं की त्यातले किडे गेले, बी गेलं, जमिनीवर घरटं करणारा चंडोलही गेला. आपण उघडी जमीन ओसाड समजलो, हीच मूळ चूक.

गाजर गवत पुण्यात १९५५ साली पहिल्यांदा आढळलं. परदेशी धान्याबरोबर ते चोरपावलांनी आलं, असं मानतात. गिरिपुष्पाला मात्र आपणच आमंत्रण दिलं.

मग आता कुऱ्हाड घेऊन सुटायचं? नाही. बुंधा तोडला तरी त्याला पुन्हा धुमारे फुटतात, आणि उतार एकदम उघडा पडला तर माती वाहून जाईल. थोडी थोडी विरळणी करायची, धुमारे खुडत राहायचं, मोकळ्या जागी इथली झाडं लावायची आणि काही जागा नुसत्या गवताला सोडायच्या. काम वर्षानुवर्षांचं आहे. फोटो काढण्याजोगं त्यात फारसं काही नाही.

श्रमदानाची गोष्ट मी अजूनही सांगतो. त्या मुलांचा घाम खोटा नव्हता. फक्त शेवटी एवढं जोडतो, की झाड लावण्याआधी तिथं काय उगवतंय, ते वाकून बघायचं राहिलं. यंदा पावसाळ्यात टेकडीवर जाल, तेव्हा वाचकहो, एकदा तुम्हीही वाकून बघा.