विश्लेषण : दुर्मीळ नाणे मोडीच्या भावात घेतले, तर ती फसवणूक ठरते का?

चांदीचा भाव चढला की देव्हाऱ्यातले आणि ट्रंकेतले जुने रुपये सराफाच्या तराजूवर येऊ लागतात. त्यातले एखादे नाणे दुर्मीळ असेल, घेणाऱ्याला ते ओळखू आले आणि विकणाऱ्याला नाही, तर घेणाऱ्याने ते सांगायला हवे का? कायद्याचे उत्तर अनेकांना रुचणारे नाही.

एका अंकाची किंमत

ब्रिटिश काळातील चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. त्यात चांदी ९१.६७ टक्के, म्हणजेच शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. चांदीचा दर किलोला १ लाख रुपये धरला, तर धातू म्हणून या नाण्याची किंमत १,०६९ रुपये होते. सराफ त्यातून घट कापतो, तो भाग वेगळा. तराजूला एवढेच कळते.

नाणेसंग्राहक मात्र आधी साल बघतो. सहाव्या जॉर्जचा १९३८ सालचा रुपया सहज मिळतो. १९३९ चा रुपया दिसायला तसाच, चेहरा तोच, आकार तोच. पण त्या सालचे फार थोडे रुपये आज शिल्लक आहेत, म्हणून संग्राहक त्यासाठी चांदीच्या भावाच्या कित्येक पट मोजतात. फरक काय, तर ८ च्या जागी ९. (याच कारणाने १९३९ चे बनावट रुपयेही बाजारात भरपूर फिरतात.) पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची गोष्ट याहून गमतीची. राजाच्या वस्त्रावरच्या पदकमाळेतील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि ओरड झाली. बरीचशी नाणी मागे घेऊन वितळवली गेली आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट दिसेल असा ठसा आला. आता ते 'डुकराचे' रुपये संग्राहक शोधत असतात.

आता असे समजा, की एक आजी घरातले अकरा रुपये विकायला आल्या आहेत. अकरापैकी एक १९३९ चा आहे. समोरच्याने तो पाहिला, ओळखला, काही न बोलता अकराही रुपये एकत्र वजनाला घातले आणि भावाप्रमाणे रोख पैसे दिले. त्याने काटा मारला नाही की दर चुकीचा लावला नाही. मग त्याने आजींना फसवले का?

कायदा घोड्याचे उदाहरण देतो

या व्यवहाराला भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. त्याचे कलम २० आजींना फारसा आधार देत नाही. वस्तूच्या मोलाबद्दल असलेला चुकीचा समज ही वस्तुस्थितीबाबतची चूक मानता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे 'मला एवढी किंमत ठाऊक नव्हती' एवढ्यावर करार रद्द होत नाही. मोबदला अपुरा होता, एवढ्यानेही तो रद्द होत नाही. मात्र विकणाऱ्याची संमती खरोखर मोकळेपणाने दिलेली होती का हे ठरवताना न्यायालय तो अपुरा मोबदला विचारात घेऊ शकते, असे कलम २५ सांगते.

खरा पेच कलम १७ मध्ये आहे. समोरच्याच्या निर्णयावर परिणाम करू शकणारी गोष्ट माहीत असूनही गप्प बसणे ही फसवणूक नाही, असे हे कलम म्हणते. त्यानंतर ते दोन अपवाद सांगते. एक, परिस्थितीच अशी असेल की बोलणे हे गप्प बसणाऱ्याचे कर्तव्य ठरते. दोन, त्याचे गप्प बसणे बोलण्याइतकेच ठरत असेल.

हे समजावण्यासाठी कायद्यात घोड्याची उदाहरणे आहेत. दीडशे वर्षांपूर्वीची असली तरी ती नाण्याच्या व्यवहारालाही चपखल बसतात. घोड्यात खोट आहे हे माहीत असून विकणारा लिलावात काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणे त्याच्यावर बंधनकारक होते. आणि घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असे मी समजतो', आणि तरीही विकणारा गप्प राहिला, तर ते मौन म्हणजे बोलणेच. चौथ्या उदाहरणात दोन व्यापारी आहेत. भाव बदलल्याची खासगी खबर एकाकडे आहे. ती दुसऱ्याला सांगणे त्याच्यावर बंधनकारक नाही.

घोड्याच्या जागी रुपया ठेवला की चित्र बरेचसे स्पष्ट होते. पुण्याच्या जुन्या बाजारात फरशीवर नाणी मांडून बसलेला विक्रेता हा व्यापारीच आहे. त्याच्या ढिगातून १९३९ चा रुपया कोणी सांगितल्या भावाला उचलला, तर कायद्याने त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही आणि नैतिकदृष्ट्याही फार आक्षेप घेता येणार नाही. ढीग चाळणे हे त्या विक्रेत्याचेही काम होते.

आजींचे तसे नाही. 'यात वेगळे काही नसेल ना? नसेल तर घ्या वजनावर,' असे त्या म्हणाल्या आणि घेणारा गप्प राहिला, तर ते थेट घोड्याच्या तिसऱ्या उदाहरणात बसते. तो 'नाही हो, साधेच आहेत' म्हणाला, तर मौनाचा प्रश्नच संपतो. ते सरळ खोटे विधान आहे. घेणारा चाळीस वर्षांचा घरचा सराफ असेल, आजी त्याच्याच शब्दावर दागिने मोडत आणि घडवत आल्या असतील, तर कलम १६ मधील 'अनुचित प्रभावा'चा मुद्दाही येऊ शकतो. फौजदारी कायद्यातही, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये, अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती दडवणे हा फसवणुकीचा भाग मानला आहे. अर्थात तिथे हेतू सिद्ध करावा लागतो.

थोडक्यात, विकणाऱ्याने एक प्रश्न विचारला की घेणाऱ्याची कायदेशीर जागा बदलते. अडचण अशी की हा प्रश्न बहुतेक कोणी विचारत नाही. विचारलाच, तर तो पावतीवर येत नाही. चिठ्ठीवर वजन, दर आणि रक्कम एवढेच असते. शिवाय कलम १९ मध्ये आणखी एक अट आहे. फसवे मौन असले तरी, साधारण दक्षता घेऊन विकणाऱ्याला खरे काय ते कळू शकले असते, तर करार रद्द करता येत नाही. हातात स्मार्टफोन असणाऱ्याची 'साधारण दक्षता' किती आणि ऐंशीच्या आजींची किती, हा वाद न्यायालयात रंगू शकतो.

फ्रान्समधील मुखवटा

असाच वाद फ्रान्समध्ये रंगला होता, फक्त तिथे नाण्याऐवजी मुखवटा होता. ऐंशी ओलांडलेल्या एका दाम्पत्याने घर आवरताना एक आफ्रिकी लाकडी मुखवटा जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याला २०२१ मध्ये १५० युरोला विकला. पतीचे आजोबा आफ्रिकेत वसाहतीचे अधिकारी होते, तिथून तो आला होता. मार्च २०२२ मध्ये मोंपेलिए शहरातील लिलावात त्याच मुखवट्याला ४२ लाख युरो मिळाले. दाम्पत्य न्यायालयात गेले. डिसेंबर २०२३ मध्ये आलेस येथील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. वस्तूचे ऐतिहासिक आणि कलात्मक मोल जाणून घेण्याचा प्रयत्न त्यांनीच केला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. विक्रेत्याने त्यांना आधी ३ लाख युरो देऊ केले होते, हा तपशील बातम्यांत मागे पडला. न्यायालय देऊ शकले नसते तेवढे मनाची टोचणी देत होती, असा त्याचा एक अर्थ. खटला टाळण्याचा तो हिशेब होता, असा दुसरा.

हा पेच मुळात जुनाच आहे. रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात जवळपास हेच विचारले आहे. एखादा माणूस पितळ समजून सोने विकत असेल, तर सज्जनाने त्याला ते सोने असल्याचे सांगावे, की हजार दिनारांचा माल एका दिनाराला उचलावा? सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने होता. नफ्यासाठी मौन पाळणे आणि लपवणे यांत त्याला फारसा फरक दिसत नव्हता. दोन हजार वर्षांनंतरचे कायदे मात्र त्याच्याइतके कडक नाहीत.

संग्राहकांची बाजू

त्यालाही कारण आहे. ज्ञान फुकट मिळत नाही. शिवराईचे शेकडो प्रकार ओळखायला, टाकसाळीच्या खुणा पाठ व्हायला, खोटा होन हातात येताच शंका यायला वर्षे जातात आणि त्या वर्षांत खिशाला चाटही बसते. खोटे नाणे खरे समजून घेतले, तर ते विकणारा पैसे परत आणून देत नाही. सापडलेल्या प्रत्येक चांगल्या नाण्याचा पूर्ण नफा विकणाऱ्याला द्यायचा असेल, तर ढीग चाळायला बसणार कोण? आणि कोणी बसलेच नाही, तर ते नाणे मुशीत जाईल. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण त्यातून रास्त नफ्याचे समर्थन होते. हजाराच्या भावात लाखाचे नाणे, तेही विश्वासाने आलेल्या माणसाकडून घेण्याचे समर्थन त्यातून होत नाही. व्यवहारात मधला मार्ग आहे आणि काही जुने व्यापारी तो पाळतातही. 'यातला एक रुपया वेगळा आहे, त्याचे वेगळे पैसे देतो' असे सांगायचे, भाव मात्र आपला नफा धरून लावायचा. विकणारा दुसरीकडे विचारायला मोकळा राहतो.

विकण्याआधी

नाणी घासू नयेत. चिंच, राख किंवा पावडर लावून चकचकीत केलेल्या नाण्याचा भाव संग्राहकांकडे वाढत नाही, पडतो. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढावेत, साल आणि टाकसाळीची खूण पाहावी आणि किमान दोन ठिकाणी दाखवावे. विचारताना 'वजनावर किती?' याऐवजी 'यातले कोणते नाणे संग्राहक घेईल?' असे विचारावे. शक्य असल्यास व्हॉट्सॲपवर लेखी विचारावे. वर सांगितलेल्या कलम १७ च्या दृष्टीने तो संदेश महत्त्वाचा ठरू शकतो.

दुसऱ्या टोकाचा सापळाही आहे. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच किंवा दहा रुपयांचे नाणे लाखोंना घेऊ, आधी नोंदणी शुल्क भरा, असे संदेश फिरत असतात. ही नाणी दुर्मीळ नाहीत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे की जुन्या नाणी-नोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही.

शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ नुसार पुरावस्तू ठरते. ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. ही व्याख्या दर वर्षी एक पाऊल पुढे सरकते. १९३९ चा रुपया तिच्यात २०३९ मध्ये येईल.

सरकार स्वतः काय भाव देते?

वरचे सारे घरातल्या नाण्यांबद्दल झाले. नांगराला किंवा जेसीबीच्या दातांना हंडा लागला, तर वेगळा कायदा लागू होतो आणि इथे अजाण माणसाकडून खरेदी करणारे खुद्द सरकार असते. निखात निधी कायदा, १८७८ नुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सरकारला तो ठेवा स्वतःकडे घ्यायचा असेल, तर हक्कदारांना धातूची किंमत आणि त्यावर तिचा एक पंचमांश देण्याची तरतूद आहे. म्हणजे १,०६९ रुपयांच्या चांदीला साधारण १,२८३ रुपये. नाणे इतिहासात कितीही मोलाचे असो, कायद्याचे सूत्र तेच राहते. मोडीच्या भावात दुर्मीळ नाणे घेणाऱ्या सराफाला नावे ठेवायची, तर हे सूत्र अडचणीचे आहे.

त्याचा फटका फक्त शेतकऱ्याला बसत नाही. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. ती क्षत्रप राजा नहपानाची होती आणि त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला, याचा हा सर्वांत ठोस पुरावा. तो पुरावा एकेका नाण्यात नव्हता, सगळी एकत्र मिळाली यात होता. दहा-वीस करून ती आटणीला गेली असती, तर चांदी हाती आली असती.

ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने वेगळा मार्ग धरला. तिथे संग्रहालय ठेवा घेते तेव्हा स्वतंत्र समितीने ठरवलेली बाजारभावाची पूर्ण रक्कम सामान्यतः शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. तरीही हाव संपत नाही. २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातील नाण्यांचा ठेवा सापडला. त्यांनी तो दडवून गुपचूप विकायला काढला. २०१९ मध्ये त्या दोघांना आणि त्यांना मदत करणाऱ्या नाणे व्यापाऱ्याला तुरुंगवास झाला. ठेव्यात सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज होता. खटल्यापर्यंत पोलिसांच्या हाती ३१ लागली होती.