फार्मव्हिलची शाळा

मंडळी, आज अमेरिकेतल्या एका शाळेची हकीकत सांगतो. ही शाळा आता भरत नाही. पण इमारत उभी आहे, आणि लोक लांबून ती पाहायला येतात. शाळेचे नाव मोटन हायस्कूल.

अमेरिकेत व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. त्यात प्रिन्स एडवर्ड हा एक लहानसा मुलूख, आपल्या तालुक्यासारखा. शेतीचा मुलूख. तंबाखूचे पीक मोठे. फार्मव्हिल हे तिथले बाजाराचे गाव. तिथे गोरे लोक राहत आणि काळेही राहत. काळ्यांचे आजे-पणजे गुलाम होते. त्यांच्या वाडवडिलांना आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणले होते आणि बैलबाजारात विकावे तसे विकले होते. 1865 साली ही गुलामी कायद्याने बंद झाली. आपल्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढले, ते त्यांनी गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या माणसांनाच अर्पण केले आहे.

गुलामी गेली, पण दुजाभाव गेला नाही. गोऱ्यांच्या पोरांची शाळा वेगळी, काळ्यांच्या पोरांची वेगळी. कायदाच तसा होता. शाळा वेगळ्या ठेवा, पण दोन्ही सारख्या ठेवा, असे सरकार म्हणायचे. वेगळ्या होत्या. सारख्या काही नव्हत्या.

1939 साली फार्मव्हिलला काळ्या मुलांसाठी विटांची एक शाळा बांधली. रॉबर्ट मोटन हे काळ्या समाजातले मोठे शिक्षक होते. त्यांचे नाव शाळेला दिले. इमारत 180 मुलांपुरती होती. बारा वर्षांत मुले झाली 450 च्या वर. मग काय केले? आवारात लाकडी खोपटी ठोकली आणि त्यांना वरून डांबरी कागद लावला. रस्त्याने जाणारे विचारायचे, इथे कोंबड्या पाळल्यात का? पाऊस आला की छप्पर गळायचे. थंडीत एकच शेगडी. शेगडीजवळचं पोर भाजायचं, लांबचं कुडकुडायचं. एक वर्ग तर जुन्या बसगाडीत भरायचा. गोऱ्यांच्या शाळेत व्यायामशाळा होती, जेवायची खोली होती. इथे यातले काही नाही. पुस्तकेसुद्धा गोऱ्या पोरांनी वापरून टाकलेली. पालक अर्ज करीत. अधिकारी म्हणत, पाहू.

बार्बरा जॉन्स ही याच शाळेतली सोळा वर्षांची शेतकऱ्याची पोर. एके दिवशी तिची बस चुकली. रस्त्यावर ती किती तरी वेळ उभी होती. तेवढ्यात गोऱ्यांच्या शाळेची बस समोरून गेली. निम्मी रिकामी. पण तिला त्या बसमध्ये पाय ठेवायची मुभा नव्हती.

तिने चार-दोन मुले गोळा केली आणि गुपचूप बेत केला. 23 एप्रिल 1951 रोजी खोटा टेलिफोन करून हेडमास्तरांना गावात पाठवले. मग त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गात गेल्या, की सगळ्यांनी सभागृहात यावे. पडदा उघडला, तो व्यासपीठावर बार्बरा उभी! शिक्षकांना तिने बाहेर जायला सांगितले. चांगली शाळा मिळेपर्यंत वर्गात बसायचे नाही, असे ठरले. सगळी शाळा बाहेर पडली. दोन आठवडे संप चालला. संपात हात नसताना हेडमास्तरांची नोकरी मात्र त्याच वर्षी गेली. हेडमास्तराचे असेच असते, कुणाचेही काही झाले तरी जाब त्याला द्यावा लागतो.

मुलांनी वकिलांना पत्र लिहिले. मुलांचे मागणे साधे होते. नवी इमारत द्या, एवढेच. वकील म्हणाले, इमारतीसाठी आम्ही भांडणार नाही. गोऱ्या-काळ्यांची शाळा एक करा, असा दावा लावायचा असेल तर येतो. हे मागणे भारी होते. जमीन गोऱ्याची, मजुरी गोऱ्याकडे, कर्ज गोऱ्याच्या पेढीचे. तरी आईबाप तयार झाले. 117 मुलांच्या नावाने दावा दाखल झाला. बार्बराच्या जिवाला धोका नको म्हणून तिला घरच्यांनी दुसऱ्या राज्यात काकांकडे पाठवून दिले.

खालच्या कोर्टात दावा हरला. 1953 साली सरकारने काळ्यांसाठी नवी इमारत बांधली, म्हणजे तोंडं बंद होतील. पण दावा वरच्या कोर्टात गेला. तिथे असे पाच दावे एकत्र आले. 17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रंगावरून मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे हे राज्यघटनेला धरून नाही.

तुम्हाला वाटेल, जिंकले. पण खरे हाल पुढेच आहेत.

मुलखाच्या पुढाऱ्यांनी पाच वर्षे चालढकल केली. 1959 साली कोर्टाने तारीखच घालून दिली. तेव्हा पुढाऱ्यांनी काय करावे? शाळांना पैसाच मंजूर केला नाही. साऱ्या सरकारी शाळांना कुलूप! काळ्यांची पोरे शेजारी बसण्यापेक्षा शाळाच नको. गोऱ्यांनी आपल्या मुलांसाठी खाजगी शाळा काढली. तिला सरकारी पैशाची मदतही मिळाली. काळ्यांची सुमारे 1,700 मुले घरी बसली. काही गरीब गोऱ्यांची पोरेही त्यांच्यातच गेली.

कुणी मुलाला परगावी नातेवाइकांकडे धाडले. देवळाच्या तळघरात बायाबापड्यांनी वर्ग चालवले. पण बरीच पोरे तंबाखूच्या रानात कामाला लागली. सहा वर्षांचे पोर दहा वर्षांचे झाले, तरी त्याला शाळेत पहिली पाटी मिळाली नव्हती. 1963 साली देणग्यांवर तात्पुरत्या शाळा उघडल्या. 1964 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले, तेव्हा कुठे सरकारी शाळांची कुलपे निघाली. थोराड झालेली कित्येक मुले परत आलीच नाहीत. लहान पोरांच्या बाकावर बसायची त्यांना लाज वाटली. वय गेलेल्या माणसाला अक्षर गिरवताना काय वाटते, हे तुम्हाला मी काय सांगावे!

जुन्या मोटन शाळेत पुढे बरीच वर्षे लहान मुलांचे वर्ग भरले. मग तेही बंद झाले. इमारत पाडू नये म्हणून गावच्या काळ्या बायकांच्या मंडळाने खटपट केली. 2001 साली, संपाला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, तिथे संग्रहालय उघडले.

बार्बरा शिकून ग्रंथपाल झाली. 1991 साली ती वारली. व्हर्जिनियाने आपल्या राज्यातर्फे देशाच्या संसदभवनात गुलामी राखण्यासाठी लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा ठेवला होता. 2020 साली तो काढला आणि त्या जागी बार्बराचा पुतळा बसवायचे ठरवले.

घरी बसवलेल्या मुलांचे काय? 2003 साली त्यांना मानाची प्रमाणपत्रे दिली. तोवर ती पन्नाशीच्या घरात गेली होती. काही त्याही पुढे. 2004 साली राज्याने त्यांच्या शिक्षणासाठी पैसा ठेवला. मग त्यांतल्या काहींनी, नातवंडे शाळेत जात असताना, स्वतःची वही-पुस्तके विकत घेतली.