वरच्या फळीवरची वाइन

मे महिना, दुपारचे साडेचार. परभणीत आज पारा ४३च्या पुढं गेलाय. जिंतूर रोडवरच्या एका दुकानाच्या जाळीपुढं मी आणि माझा भाचा उभे आहोत. पाटीवर ठळक अक्षरांत ‘वाइन शॉप’ लिहिलंय. आत रम आहे, व्हिस्की आहे, बिअरचे खोके रचलेत. वाइन दिसत नाही.

भाचा मेलबर्नला असतो, सुटीला आलाय. रात्री त्याचे शाळेतले दोन मित्र जेवायला येणार आहेत. सकाळी त्यानं विचारलं, “मामा, हजाराच्या आत चांगली वाइन मिळंल का आपल्या इथं?” मला ठाऊक नव्हतं. म्हणून सोबत आलोय.

“वाइन कुठाय हो भाऊ?”

मालक वर बोट दाखवतात. पत्र्याला लागून असलेल्या सगळ्यात वरच्या फळीवर सात-आठ बाटल्या उभ्या आहेत. मालक स्टुलावर चढतात, एक बाटली फडक्यानं पुसून जाळीच्या खिडकीतून पुढं करतात. ती हातात येताच कळतं, उन्हात राहिलेल्या तांब्यासारखी कोमट आहे. भाचा बुचावरच्या वेष्टनावरून अंगठा फिरवतो, मग माझा अंगठा धरून तिथं टेकवतो. वेष्टन मधोमध फुगलंय, कडेला चिकट लागतंय.

“उष्णतेनं आतली वाइन फुगली, बूच वर ढकललं गेलं, थोडी पाझरली. मामा, ही शिजलीय. नऊशेची असो नाहीतर नऊ हजाराची, आता चव राहिली नाही.”

शेजारची बाटली ऑस्ट्रेलियाची आहे. किंमत ऐकून तो थबकतो. तिकडं अशी बाटली तो दहा-बारा डॉलरला, म्हणजे सहाशे-सातशे रुपयांत घेतो. इथं तिप्पट. कारण तोच सांगतो. परदेशी वाइनवर आपल्याकडं वर्षानुवर्षं १५० टक्के आयातशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ला लागू झाला, तेव्हा पाच अमेरिकन डॉलरच्या वरच्या बाटलीसाठी ते १०० टक्क्यांवर आणि पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीसाठी ७५ टक्क्यांवर आलं. पुढं टप्प्याटप्प्यानं आणखी उतरायचं ठरलंय. पण त्यावर राज्याचा कर, वाहतूक, दुकानदाराचा नफा चढतोच. आपण मोजलेल्या पैशांतले फार थोडे द्राक्षापर्यंत पोचतात.

“मग आपल्याकडची बघू,” मी म्हणतो.

“आपल्याकडचीच बघायची, मामा. पण लेबल वाचून.”

लेबल वाचायचं म्हटल्यावर माझा हात आपोआप पुढं होतो. चाळीस वर्षं मी बियाण्याच्या पिशव्या घेतोय. कृषी विद्यापीठाची परभणी मोती ज्वारी घ्यायची असली, तरी आधी टॅग बघतो: वाण कुठला, तपासणी कधीची. बाटलीवरही तेच आहे. वाण, साल, गाव.

वाण वाचत गेलो की जगाचा नकाशा उलगडतो. शेनिन ब्लां हे फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं द्राक्ष. दक्षिण आफ्रिकेत ते सगळ्यात जास्त पिकतं. शिराझ ऱ्होन नदीकाठचं, ऑस्ट्रेलियानं आपलंसं केलेलं. सांजोव्हेजे इटलीतल्या तोस्कानाचं, आता अकलूजकडच्या मळ्यांतही रुजलेलं. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात फेसाळ वाइन करून दाखवली. राजीव सामंत यांच्या ‘सुला’ कंपनीची पहिली वाइन २००० साली नाशिकहून बाजारात आली, आणि २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. परदेशी बाटलीवर जबर शुल्क लागतं. वेल मात्र एकदा इथल्या मातीत रुजली की तिच्या द्राक्षांना ते लागत नाही. कमी पैशांत जगाची चव हवी असेल, तर ती या वाटेनं येते.

“भाऊ, फ्रीजमध्ये काही आहे का?”

मालक बिअरचा फ्रीज उघडतात. खालच्या कप्प्यात, मागं, शेनिन ब्लांच्या तीन बाटल्या. गाव दिंडोरी. साल मागचंच. झाकण फिरकीचं. भाचा हसतो. आपल्याकडं द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. अशी हलकी पांढरी वाइन एक-दोन वर्षांत प्यायची असते, जपून ठेवायची नसते. आणि फिरकीच्या झाकणाला बूच सुकण्याची भीती नाही. बाटली उभी राहिली तरी चालते. किंमत हजाराच्या आत.

“लाल घ्यायची तर?” मी विचारतो.

“तीही घ्या, पण खोलीच्या तापमानाला प्या म्हणतात ते थंड मुलखातल्या खोलीचं. सोळा-अठरा अंश. आपल्या खोलीत आज अडतीस असतील. प्यायच्या आधी फ्रीजमध्ये ठेवून गार करायची.”

मालक जाळीला टेकून ऐकतायत. “आम्हाला कुणी हे सांगितलंच नाही,” ते म्हणतात. “वाइन मागतंय कोण, म्हणून वर ठेवली.” आणि आम्ही पैसे देत असतानाच ते पुन्हा स्टुलावर चढतात. फुगलेली बाटली बाजूला काढतात. बाकीच्या एकेक करून खाली आणतात आणि आतल्या अंगाला, माठाच्या शेजारी गार फरशीवर आडव्या ठेवतात.

मी बाटलीला ओलं फडकं गुंडाळतो, शेतात पाण्याच्या बाटलीला गुंडाळतो तसं.

रात्री अंगणात पाणी शिंपडलंय. ताटात ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. भाचा झाकण फिरवतो, काचेच्या पेल्यात दोन बोटं वाइन ओततो. अक्का, माझी बहीण, पीत नाही, पण मुलाच्या हातातला पेला नाकाशी नेते.

“पेरूचा वास येतोय रे.”

मी घोट घेतो. आधी गार आंबटपणा, मग मागून किंचित गोडी, आणि चटणीचा जाळ जिभेवरून हळूच उतरतो. पेला खाली ठेवून मी बाटली दिव्याकडं वळवतो. वाण, साल, गाव. पुन्हा एकदा वाचून घेतो.