फोल्डिंग व फेदरिंग प्रोपेलर

फोल्डिंग व फेदरिंग प्रोपेलर हे शिडाच्या नौकेच्या इंजिनाला जोडले जाणारे, पाण्याचा रोध कमी करणारे पंखे आहेत. नौका शिडावर चालत असताना स्थिर पात्यांचा साधा पंखा प्रवाहाला आडवा येऊन वेग घटवतो.

रचना

फोल्डिंग प्रोपेलरची पाती बिजागरीवर बसवलेली असतात. दांडा थांबला की वाहत्या पाण्याच्या दाबाने ती मागे मिटतात व दांडा फिरू लागताच केंद्रोत्सारी बलाने उघडतात. फेदरिंग प्रोपेलरची पाती स्वतःच्या अक्षाभोवती वळून प्रवाहाला समांतर होतात. दोन्ही प्रकारांत दांडा थांबवणे आवश्यक असते.

निवड

मिटलेल्या पंख्याचा रोध सामान्यतः सर्वांत कमी असतो. त्यात दोर किंवा जाळे अडकण्याचा संभवही कमी असतो. मात्र उलट गतीत पात्यांवरील रेटा त्यांना मिटवू पाहतो, त्यामुळे नौका थांबवण्याची शक्ती कमी पडते. फेदरिंग प्रोपेलरची पाती उलट गतीसाठी वळत असल्याने मागेही चांगला रेटा मिळतो. परंतु आतील दंतचक्रांना नियमित वंगण द्यावे लागते. म्हणून शर्यतीसाठी फोल्डिंग, तर अरुंद बंदरात वारंवार ये-जा करण्यासाठी फेदरिंग प्रोपेलर सोयीचा ठरतो.

दीर्घ सफरी

दिलीप दोंदे यांनी गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ही सफर करणारे ते पहिले भारतीय होत. महिनोन्‌महिने शिडावर चालणाऱ्या अशा प्रवासात रोधातील अल्प फरकही महत्त्वाचा ठरतो.